परागंदा चित्रकारांचे कागद

मुंबई उच्च न्यायालयाने २५ ऑक्टोबर २०२४ रोजी सीमाशुल्क खात्याचा एक हुकूम रद्द केला आणि त्या खात्याच्या ताब्यात दीड वर्ष पडून असलेल्या सात कलाकृती मालकाच्या स्वाधीन करण्यास फर्माविले. त्यांपैकी चार रेखाचित्रे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची होती. उरलेल्या तीन कृती अकबर पदमसी यांच्या. ब्रिटनमधील लिलावांत रीतसर विकत घेऊन त्या मुंबईत आणल्या गेल्या होत्या. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी २०२३ साली त्या अश्लील म्हणून अडकवून ठेवल्या, आणि जुलै २०२४ मध्ये त्या सरकारजमा करण्याचा हुकूम काढून वर पन्नास हजार रुपये दंडही ठोठावला. चित्रे नष्ट करू नयेत म्हणून न्यायालयाला आधी स्वतंत्र आदेश द्यावा लागला होता, यावरून खात्याचा उत्साह किती होता हे दिसून येते. न्यायालयाने निकालपत्रात सांगितले ते कोणत्याही सुशिक्षित माणसाला ठाऊक असावयास हवे होते. प्रत्येक नग्नचित्र अश्लील असत नाही, आणि कलेतील जाणकारांची मते डावलून अधिकाऱ्याला स्वतःची वैयक्तिक अभिरुची कायदा म्हणून लादता येत नाही.

२०२४ हे सूझा यांचे जन्मशताब्दी वर्ष होते. १२ एप्रिल १९२४ रोजी गोव्यातील साळगाव येथे जन्मलेल्या या चित्रकाराचा शासनाने असा सत्कार केला. त्यांच्या बाबतीत हे प्रथमच घडत होते असेही नाही. १९४९ साली मुंबईत त्यांच्या चित्रांवर हाच ठपका आला होता आणि पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली होती. त्याच वर्षी ते बोटीने लंडनला निघून गेले. पंचाहत्तर वर्षांच्या अंतराने, एकदा माणूस देशाबाहेर जाताना आणि एकदा त्याचे कागद देशात परत येताना, तीच वर्दी दारात उभी राहावी हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नव्हे.

तथापि या लेखाचा विषय अश्लीलतेचा कायदा हा नाही. त्याचा निवाडा न्यायालयाने केला आहे आणि तो योग्यच आहे. मला विचारावयाचे आहे ते निराळेच. ही चित्रे सुटली खरी, पण सुटून गेली कोठे? ती एका खाजगी संग्रहात गेली. ज्याने पैसे मोजले त्याच्याकडे त्याची वस्तू परत गेली, यात बेकायदा काही नाही. परंतु नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या मुलीला ती पाहण्याचा संभव जप्तीच्या काळात जेवढा होता तेवढाच आजही आहे, म्हणजे शून्य. चित्राला कुलपे दोन असतात. एक पोलिसाचे आणि दुसरे किमतीचे. पहिल्या कुलपाविरुद्ध कोर्टात दाद मागता येते, वर्तमानपत्रांत अग्रलेख येतात, आणि आले ते चांगलेच झाले. दुसऱ्या कुलपाविषयी कोणी ब्रसुद्धा काढीत नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला हे दुसरे कुलूप अधिक बोचते, आणि ते उघडण्याचा खर्च समजतो तितका नाही असे माझे मत आहे. त्याचे कारण या चित्रकारांनी वापरलेला कागद हे आहे.

सूझा हे शिवणकाम करून पोट भरणाऱ्या विधवेचे मूल. वडील त्यांच्या जन्मानंतर थोड्याच महिन्यांत वारले आणि आई मुंबईत आली. जे. जे. कलाशाळेतून १९४५ साली त्यांना काढून टाकण्यात आले ते राजकीय चळवळीत भाग घेतल्यामुळे. स्वातंत्र्याच्या वर्षी त्यांनी पुढाकार घेऊन प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप स्थापन केला. त्या सहाजणांत पंढरपूरला जन्मलेले हुसेन होते, नागपूरच्या कलाशाळेतून आलेले रझा होते, विदर्भातले गाडे होते, शिल्पकार सदानंद बाकरे होते. आणि कृष्णाजी हौळाजी आरा होते. आरांविषयी मराठवाड्यातील वाचकाने विशेष आस्था बाळगावी, कारण ते हैदराबादजवळच्या बोलारमचे, म्हणजे आपल्याच निजामी रियासतीतले. पोरवयात मुंबईला पळून आले, लोकांच्या घरी नोकर म्हणून राहिले, मोटारी पुसल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. आणि कागदावर अपारदर्शक जलरंगांनी फुले, भांडी आणि फळे अशी रंगविली की ती पाहताना त्या आयुष्यातील उपासमार कोठे शोधावी हे कळू नये. या सहांपैकी सूझा, रझा आणि बाकरे हे १९४९ ते १९५१ या अवघ्या तीन वर्षांत परदेशी गेले. हुसेन अगदी अखेरीस गेले, तेही येथे जगणे अशक्य करून ठेवल्यामुळे, आणि २०११ साली लंडनमध्ये वारले. बाकरे १९७५ साली परत येऊन कोकणात मुरूडला राहिले. तेथे २००७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत महाराष्ट्राने त्यांची फारशी विचारपूस केली नाही.

सूझा त्या काळी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते आणि लवकरच बाहेर पडले. चित्र असे काढा, तसे काढा, असे पक्षातून सांगितले जाऊ लागले म्हणून आपण पक्ष सोडला, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे. आमच्याकडील डाव्या विचारांच्या माणसांनी, मीही त्यांतलाच, हे वाक्य पचवावयास हवे होते. चित्रकाराकडून मोर्चाचे फलक रंगवून घेण्यापलीकडे त्याच्याशी आपला संबंध काय, हा प्रश्न आपण फार दिवस स्वतःला विचारलाच नाही.

लंडनमध्ये पहिली काही वर्षे अत्यंत हलाखीची गेली. १९५५ साली स्टीफन स्पेंडर यांच्या 'एन्काउंटर' मासिकात त्यांचा आत्मकथनपर लेख आला, त्याच वर्षी गॅलरी वनमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले आणि नाव झाले. पुढे १९६७ साली ते न्यूयॉर्कला गेले. तेथे त्यांनी कागदावर जे केले ते मला त्यांच्या गाजलेल्या तैलचित्रांइतकेच महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतील गुळगुळीत कागदावर छापलेली रंगीत मासिके ते घेत. मोटारी, मद्ये, सौंदर्यप्रसाधने, हसणारी कुटुंबे, असा तेथील जाहिरातींचा सगळा सरंजाम त्या पानांवर असे. त्या पानांवर ते रासायनिक द्रावक लावीत. छपाईची शाई सुटून पसरू लागे, मोटारीचा लाल रंग आकाशात शिरे, सुंदरीच्या गालाचा गुलाबी रंग ओघळून मेजावर येई, आणि त्या विरघळत्या रंगांतून सूझा आपली माणसे काढीत. अनेक डोळ्यांची, दात विचकलेली मुंडकी आणि ऐसपैस उघड्या बायका. मूळ जाहिरातीचे तुकडे मधूनमधून शिल्लक राहतात; एखादे अक्षर, एखाद्या बाटलीचे बूड. ज्या बाजारपेठेने माणसाला केवळ गिऱ्हाईक म्हणून ओळखावे, तिचाच रंग उसना घेऊन त्याच पानावर आपले चित्र उभे करावयाचे, यापेक्षा परक्या शहरात राहणाऱ्या माणसाची परिस्थिती अधिक नेमकी कशी दाखविता येईल हे मला माहीत नाही. भांडवलशाहीवर टीका करण्यासाठी त्यांनी हे केले असा दावा मी करणार नाही. त्यांना ती रंगांची मजा वाटली असणेही शक्य आहे. पण टीका त्यात आहे, चित्रकाराच्या मनात असो वा नसो.

त्याच न्यूयॉर्कमध्ये, त्याच काळात, आणखी एक परागंदा आशियाई चित्रकार कागदावर रंग सांडीत होता. वॉलास टिंग हे त्याचे नाव. चीनमधील वूशी येथे जन्मलेला, शांघायमध्ये वाढलेला हा माणूस क्रांतीच्या आधीच बाहेर पडला. हाँगकाँगमार्गे १९५०नंतरच्या दशकाच्या आरंभी पॅरिसला पोहोचला, त्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कला, आणि उत्तरायुष्यात अॅमस्टरडॅमला. २०१० साली तो न्यूयॉर्कमध्ये वारला. शिक्षण असे फारसे नाही. त्याचा कागद मात्र अखेरपर्यंत चिनीच होता. त्याला इंग्रजीत तांदळाचा कागद म्हणण्याची चुकीची प्रथा आहे. वस्तुतः तो एका झाडाची साल आणि भाताचे तूस नव्हे तर पेंढा यांच्या लगद्यापासून तयार होतो. या पातळ, शोषक कागदावर शतकानुशतके काळ्या शाईचे डोंगर आणि बांबू उमटले. टिंगने त्यावर अमेरिकन कारखान्यांतले झगझगीत अॅक्रिलिक रंग ओतले. पोपट, कलिंगडे, मांजरे, फुले आणि फुलांमध्ये बसलेल्या बायका. स्वतःला तो फुलचोर म्हणवून घेई आणि चित्रावर तशी मुद्राही उठवी. पॅरिसच्या सेर्नुश्ची संग्रहालयात २०१६ साली त्याचे मोठे प्रदर्शन भरले, त्याला नाव दिले होते तेही 'फुलचोर' हेच. त्याच्या चित्रांना कोणी गंभीर मानीत नसे, अजूनही पुष्कळजण मानीत नाहीत. शोभेची चित्रे म्हणून ती बाजूला सारली जातात. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. शेवटच्या दशकांतील त्याच्या बायका एकमेकींच्या इतक्या सख्ख्या बहिणी दिसतात की रंग सोडला तर त्यांत निवड करणे कठीण जावे. परंतु त्या रंगाचे काय? मायदेश सुटलेला, भाषा मोडकीतोडकी झालेला माणूस इतका आनंद कोठून आणतो, हा प्रश्न उरतोच.

सूझा आणि टिंग यांना एका दावणीला बांधण्याचा माझा उद्देश नाही. एकाची रेषा करवतीसारखी, दुसऱ्याची ओल्या मातीवरून सरपटणाऱ्या गोगलगायीसारखी. साम्य आहे ते साधनांत. परागंदा माणसाजवळ जागा नसते, भाड्याची खोली कधी सोडावी लागेल याचा नेम नसतो, मोठ्या चित्रफलकांना लागणारे भांडवल नसते. कागद गुंडाळून काखेत मारता येतो. तो फसला तर दुसरा घेता येतो. आपल्याकडील मुखेड-कंधारच्या उसतोड कामगाराचे बिऱ्हाड जसे एका बैलगाडीत वा ट्रकच्या कोपऱ्यात मावले पाहिजे, तसेच या माणसांचे चित्रविश्व एका वळकटीत मावले पाहिजे होते. कागदाचा हलकेपणा ही त्यांच्या दृष्टीने सौंदर्यशास्त्राआधी पोटापाण्याची बाब होती.

आता किमतीकडे वळू. टिंगने १९६४ साली एक ग्रंथ काढला. त्याच्या स्वतःच्या एकसष्ट कविता आणि अठ्ठावीस चित्रकारांची बासष्ट शिळामुद्रिते त्यात होती. अँडी वॉरहॉल, लिख्टेनश्टाईन, राउशेनबर्ग असे त्या वेळी नुकते पुढे येत असलेले अमेरिकन त्यात होते आणि युरोपातले आपेल, अलेशिन्स्कीही. संपादन सॅम फ्रान्सिस यांचे, प्रकाशन स्वित्झर्लंडमधील बर्न येथे. साध्या प्रती दोन हजार काढल्या. ग्रंथाचे नाव 'वन सेंट लाइफ', म्हणजे आपल्या भाषेत दिडकीचे आयुष्य. आज ही दिडकी हजारो डॉलरना विकली जाते, आणि पुष्कळदा पाने सुटी करून, एकेका चित्राला चौकट लावून. एकत्र बांधलेले फोडून विकल्यास किंमत अधिक येते हे जमिनीच्या तुकड्यांविषयी आपण जाणतोच.

सूझांचे 'बर्थ' हे १९५५ सालचे तैलचित्र २००८ मध्ये सुमारे पंचवीस लाख डॉलरना गेले, आणि तेच २०१५ मध्ये चाळीस लाखांच्या वर. चित्रकार २००२ सालीच मुंबईत वारला होता. या सात वर्षांत त्या चित्रावर कोणी ब्रशाचा एक फटकारा अधिक मारलेला नव्हता. मूल्यवृद्धी झाली ती सगळी मालकीची. रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले ते मृत चित्रकाराच्या कृतीला जसेच्या तसे लागू पडते, कारण पुरवठा कायमचा थांबलेला असतो. पुनर्विक्रीत चित्रकाराला वा त्याच्या वारसांना वाटा मिळावा, हा विचार आपल्या कायद्याला अपरिचित नाही. कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम घातले गेले. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ कृती पुन्हा विकली गेली तर जास्तीत जास्त दहा टक्के वाटा देता येईल, अशी त्यात तरतूद आहे. तीस वर्षे झाली. कूळकायद्याचे कलम गावोगाव कुळांच्या तोंडी होते, तसे हे कलम किती चित्रकारांना ठाऊक आहे हे त्यांनाच विचारून पाहावे. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांतल्या किती जणांच्या हाती एक पैसा पडला?

हे सगळे कागदावर चालले आहे, आणि कागदाविषयी मराठवाड्याने अपरिचितासारखे वागावे हे नवल आहे. कागद ही चीनची देणगी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी तेथील राजदरबारातील त्साय लुन याने झाडाची साल, जुनी जाळी आणि चिंध्या कुटून तो केला, अशी परंपरा आहे. तेथून समरकंद, बगदाद असा प्रवास करीत ती विद्या हिंदुस्थानात आली. आणि दौलताबाद-खुलताबादच्या मधल्या कागजीपुऱ्यात कागद करणारी कुटुंबे वसली ती महंमद तुघलकाने राजधानी हलविली तेव्हा, असे तेथील लोक सांगतात. दौलताबादी कागदाचे नाव दख्खनच्या दफ्तरांत जुन्नरीच्या जोडीने येते. सुती चिंध्या भिजवून, कुटून, हौदातल्या लगद्यात चौकट बुडवून, एकेक पान उचलून वाळवावयाचे, ही ती रीत. ज्या चिंध्यांचा आमच्या बायका गोधड्या शिवीत आल्या, त्याच चिंध्यांचा कागद. नांदेडच्या बाजूची गोधडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना टिंगच्या रंगांचे भय वाटू नये. हिरव्याशेजारी गुलाबी, त्याला जांभळा काठ, मध्ये मुलाच्या फाटक्या सदऱ्याचा पिवळा चौकोन, इतके धाडस आमच्या घराघरांत पांघरुणात होते.

कागदावरची चित्रे प्रदर्शनात मांडून विकण्यामागे बाजाराखेरीज दुसरा हेतू असू शकतो, याचेही एक उदाहरण येथे देतो. चीनचे थोर चित्रकार श्यू बेइहोंग हे रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात आले होते. जपानने चीनवर आक्रमण केले होते. १९३९-४० मध्ये शांतिनिकेतन आणि कलकत्ता येथे त्यांनी प्रदर्शने भरविली ती युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशबांधवांसाठी पैसे जमविण्यास. डोंगर हलविणाऱ्या म्हाताऱ्याच्या जुन्या चिनी कथेवरचे त्यांचे प्रचंड चित्र याच मुक्कामात कागदावर तयार झाले, आणि त्यात कुदळ उचलणाऱ्या बलदंड माणसांचे चेहरे व शरीरे पुष्कळशी हिंदी आहेत, कारण समोर बसावयास येथलीच माणसे होती. त्याच वर्षांत, आपल्या शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमींवर शस्त्रक्रिया करीत होते. १९३८ मध्ये गेलेले ते तेथेच १९४२ साली वारले. कोटणीसांचा गौरव आपण करतो तो सार्थच आहे. त्या देवघेवीची दुसरी बाजू, तिकडून इकडे आलेला तो चित्रांचा गठ्ठा, मात्र आपल्या स्मरणात नाही.

आणि आता आपल्या दोन शहरांविषयी. लातूर आणि नांदेड ही आज उभ्या महाराष्ट्रात शिकवणी वर्गांसाठी प्रसिद्ध आहेत. 'लातूर पॅटर्न' हा शब्द कोकणातही समजतो. दूरदूरच्या तालुक्यांतून मुले-मुली येथे येऊन खोल्या घेऊन राहतात, वैद्यकीय प्रवेशासाठी दिवसाचे बारा-चौदा तास घोकतात. मी या पद्धतीची टिंगल करणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला डॉक्टर होण्याचा दुसरा रस्ता समाजाने ठेवलेला नाही, आणि तिने तो काढला यात तिचे कर्तृत्व आहे. पण या सगळ्या यंत्रणेत चित्रकलेचे काय झाले ते पाहावे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना आजही मुले मोठ्या संख्येने बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. या परीक्षांच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. तेवढ्यासाठी सुरईवरचा उजेड आणि सावली मुलगा तयार नमुन्यावरून पाठ करतो. सुरई त्याच्यासमोर असतेच असे नाही. इंटरमीजिएटमध्ये उत्तम श्रेणी मिळविलेल्या, पुढे माझ्या वर्गात आलेल्या विद्यार्थ्यांना मी अनेकदा विचारले आहे की एखाद्या चित्रकाराने स्वतःच्या हाताने रंगविलेले मूळ चित्र किती जणांनी पाहिले आहे. हात फार थोडे वर होत, आणि त्यांतलेही बहुतेक अजिंठ्याच्या सहलीचे.

खेड्यांतील शाळांची स्थिती याहून वाईट आहे, आणि ती कायद्यानेच केलेली आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे तो सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील त्या शाळेला. आपल्याकडील किती जिल्हा परिषद शाळांत या तीन वर्गांत शंभर मुले भरतात? जेथे पट लहान, तेथे रंग नाही. हा हक्काचा कायदा आहे!

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी नेहमी ऐकतो. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे चित्रांचे चोचले कशाला? हा आक्षेप घेणारे गृहस्थ बहुधा पाण्याच्या प्रश्नावरही काही करीत नसतात, पण ते असो. आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. पाणी आणि चित्र एकाच रकमेसाठी भांडत नाहीत. एका मनुष्याने पाणी प्यायले म्हणजे ते दुसऱ्याला उरत नाही; एका मुलीने चित्र पाहिले म्हणून दुसरीच्या वाट्याचे काही कमी होत नाही. एकदा खोली उघडली की हजाराव्या प्रेक्षकाचा खर्च जवळजवळ शून्य असतो. ज्या वस्तूचा उपभोग असा असतो ती बाजारावर सोपविणे हे अर्थशास्त्रदृष्ट्याही अडाणीपणाचे आहे. दुसरा आक्षेप नग्नतेचा. सूझांचे सगळेच कागद शाळकरी मुलांपुढे मांडावेत असे कोणी म्हणत नाही. निवड करावी, वयाचा विचार करावा. मात्र देगलूर तालुक्यातील होट्टलच्या किंवा निलंग्याच्या देवळाच्या भिंतीवर ज्या सुरसुंदऱ्या आठ-नऊशे वर्षे उघड्या उभ्या आहेत, त्यांना कोणत्याही सीमाशुल्क अधिकाऱ्याने अद्याप नोटीस दिलेली नाही, एवढे ध्यानी ठेवून निवड करावी.

एक अडचण खरी आहे आणि ती चित्रे सांभाळणाऱ्यांकडून येते. कागद उजेडाने मरतो. रंग उडतात, कागद पिवळा पडतो. म्हणून संग्रहालये कागदावरील चित्रे काही आठवडेच मंद प्रकाशात मांडतात आणि मग पुन्हा कपाटातील अंधारात ठेवतात. परिणामी मुंबई-दिल्लीच्या सार्वजनिक संग्रहांतील कागदी चित्रांचे बहुतेक आयुष्य अंधारात जाते. त्यांना विश्रांती हवी हे मान्य. पण ती जेव्हा बाहेर काढली जातात तेव्हा दर वेळी ती काळा घोड्यालाच का टांगावयाची? मुंबईची राष्ट्रीय आधुनिक कला वीथी १९९६ पासून आहे, जहांगीर कलादालन १९५२ पासून. राज्य कला प्रदर्शनही बहुधा मुंबईतच भरते. नांदेडचा विद्यार्थी रात्रभराचा प्रवास करून जाणार, आणि त्याच्या खोलीभाड्यातून तेवढे पैसे उरले तर. तीस-चाळीस कागद पेटीत घालून देवगिरी एक्स्प्रेसने इकडे पाठविणे हे तीनशे मुले तिकडे पाठविण्यापेक्षा स्वस्त पडते, हे समजण्यास पदव्युत्तर पदवी लागत नाही. तैलचित्रांचे मोठाले फलक अथवा शिल्पे यांच्या बाबतीत वाहतूक, विमा आणि जागा यांचे खर्च आड येतात. कागदाच्या बाबतीत ते सर्वांत कमी आहेत. मूळ कृती आणल्या तर छापील नकलांचा कायदेशीर गुंताही टळतो; सूझांच्या चित्रांचे कॉपीराइट २०६२ अखेरपर्यंत चालणार आहे.

तेव्हा माझी मागणी मोठ्या कलादालनाची नाही. संगमरवरी इमारत बांधण्याचे काम एकदा निघाले की कंत्राटदार येतात आणि चित्रे मागे राहतात. एक खोली हवी. जाड पडदे, मंद दिवे, काचेच्या चौकटी, दमट हवेची काळजी घेणारे साधे यंत्र, एक प्रशिक्षित राखणदार. मुंबईच्या संग्रहांतून वर्षातून दोनदा, पंधरा-पंधरा दिवस, कागदावरील मूळ चित्रे तेथे यावीत. पंधरा दिवस नांदेडला, पंधरा दिवस लातूरला. प्रवेश विनामूल्य असावा, आणि शिकवणी वर्ग सुटल्यावर मुलांना येता यावे म्हणून खोली रात्री नऊपर्यंत उघडी असावी. त्याखेरीज दरवर्षी मराठवाड्यातील दहा तरुण चित्रकारांचे एकेक कागदावरील चित्र विकत घ्यावे. आजच ते परवडते. मंत्रिमहोदयांच्या एका दौऱ्यातील हारतुरे आणि स्वागतकमानी यांत दहा चित्रांची किंमत निघेल. त्या विक्रीच्या करारात पुनर्विक्रीतील वाट्याचे ५३-अ कलम स्वच्छ मराठीत लिहावे, म्हणजे कायद्याचा निदान एक तरी उपयोग या भागात सुरू होईल. चौकटींच्या मागील पाठकागद कागजीपुऱ्याचा घेता आला तर पाहावे. त्या कारागिरांनाही थोडे काम मिळेल.

अशी खोली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नांदेडच्या आवारात मिळू शकते, आणि लातूरला त्याच विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. पहिल्या वर्षाचा खर्च जिल्हा नियोजन समित्यांनी निम्मा-निम्मा उचलावा. अधिसभेत माझे काही विद्यार्थी आज सभासद आहेत. पुढील अर्थसंकल्पाच्या बैठकीत त्यांनी हा ठराव मांडावा. आकड्यांचे कोष्टक मी करून ठेवले आहे, मागतील त्यांना देईन.